वहिनीच्या तुकड्यातली पहिली वाईन

बाई, आज सकाळी माझ्यासमोर सहा ग्लास होते. सहाही पांढऱ्या वाईनचे, प्रत्येकाखाली नुसता आकडा. कुठल्या बागेतलं काय ते आम्हा परीक्षकांना सांगायचं नाही, असा नियम आहे. चौथा ग्लास उचलून पांढऱ्या कागदावर तिरका धरला आणि नाकाशी नेण्याआधीच मला कळलं की ही व्हिओनिये जातीच्या द्राक्षांची आहे आणि हिनं ऊन फार खाल्लं आहे. गव्हाच्या काडीसारखा पिवळा रंग, आणि ग्लास फिरवला की कडेनं तेलासारखा सावकाश उतरणारा ओघळ. मग वास घेतला, घोट घेतला, तोंडात फिरवून थुंकला, आणि शेजारच्या परीक्षकानं तोंड उघडायच्या आत माझं जे होतं ते लिहून टाकलं. वास भरपूर, आंबटपणा कमी, शेवटी घशाला ऊब, सालीचा किंचित कडूपणा. गुण दिले, सही केली. दुपारी घरी आले, चहा टाकला आणि हा कागद ओढला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की माझं वय आता तुमच्या तेव्हाच्या वयाला जाऊन टेकलंय. तुमची आठवण रोज येते असं म्हणणार नाही, ते खरं नाही. पण चौथा ग्लास खाली ठेवला तेव्हा तुम्ही खोलीत असल्यासारखं वाटलं, आणि काही गोष्टी तुम्हाला कधी सांगितल्याच नाहीत हेही आठवलं.

तुम्ही मला पहिल्यांदा पाहिलंत ते बारामतीच्या कॉलेजात, रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला. मी निरवांगीची, वसतिगृहात राहणारी, वर्गात मागच्या बाकावर बसून खालच्या आवाजात हजेरी देणारी मुलगी. क्षार ओळखायचा तास चालला होता आणि मी परीक्षानळीत सरळ नाकच घातलं होतं. तुम्ही मागून आलात. "नाक खुपसायचं नसतं नळीत. हातानं वारा घालून घ्यायचा वास," असं म्हणून तुम्ही करूनही दाखवलंत आणि मग विचारलंत, "काय आला?" मी म्हटलं, "कुजक्या अंड्याचा. पण त्याच्या मागनं आगकाडी ओढल्यावर येतो तसा पण आला." तुम्ही नळी स्वतः हुंगली, मग पुन्हा हुंगली, आणि टेबलावरच्या यादीत बघितलं. मिश्रणात खरंच दोन क्षार होते. वर्गात बाकी सगळ्यांनी एकच लिहिला होता. तुम्ही शाबासकी दिली नाही. एवढंच विचारलंत, "घरी काय करतात?"

घरी आता ऊस होता आणि थोडी द्राक्षं होती. पण मी पाच वर्षांची होईपर्यंत आमची मेंढरं होती, आणि मेंढरांच्या घरात हुंगणं हे एक कामच असतं. ज्याची आई मेली ते कोकरू दुसऱ्या मेंढीला लावायचं तर तिच्या मेलेल्या पिलाचा वास त्याच्या अंगाला चोळावा लागतो, नाहीतर ती त्याला लाथ मारते. तात्या, म्हणजे माझे वडील, ते करायचे आणि करून झालं की मला म्हणायचे, "हुंग बरं, लागला का वास?" मी हुंगून सांगायची. पुढं मेंढरं गेली आणि आई मला पीठ हुंगायला बोलवायला लागली, दूध हुंगायला बोलवायला लागली. हे सगळं मी त्या दिवशी तुम्हाला सांगितलं नाही. नुसतं "शेती" म्हटलं आणि खाली बघितलं.

मी पदवी घेऊन घरी जाऊन बसले, आणि त्याच वर्षी तुम्ही कॉलेज सोडलंत. बारामती आणि इंदापूरच्या मधल्या माळावर एका मोठ्या बागायतदारानं वाईनचा कारखाना काढला होता. द्राक्षं परदेशी धाडणारा माणूस, तिकडं जाऊन वाईन करणं बघून आलेला. त्याला प्रयोगशाळा सांभाळायला कुणीतरी हवं होतं. तुम्ही गेलात. एवढी वर्षं शिकवल्यावर कुणी असं करतं का, असं लोक म्हणत होते. पुढं मी तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "अगं, तेच क्षार, त्याच बाटल्या. उत्तर आधीपासून माहीत असलेले प्रश्न किती दिवस विचारायचे?" तुमचं पोस्टकार्ड निरवांगीला आलं. चार ओळी. मदतनीस पाहिजे, नाक चांगलं असलेली, ये. ते कार्ड तात्यांनी वाचून घेतलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. "दारूच्या कारखान्यात आपली पोरगी जायाची न्हाय," ते म्हणाले, आणि विषय संपला.

संपला असं त्यांना वाटलं. पुढच्या रविवारी तुम्ही एस.टी.नं आलात. स्टँडपासून आमच्या वस्तीपर्यंत उन्हातनं चालत, छत्री धरून, पांढऱ्या सुती साडीत. आईनं घोंगडं अंथरलं, पाणी दिलं. तात्या समोर बसले, आणि तुम्हीही त्यांना पहिल्या वाक्यापासून तात्याच म्हणायला लागलात.

"तात्या, तिला पिण्याचं काम नाही. चव बघून थुंकायचं काम आहे. मी रोज करते."

तात्यांनी तुमच्याकडं नीट बघितलं. "बाई, तुमी शिकलेल्या हायसा म्हणून इचारतो. थुकायचंच हाय तर तोंडात घ्यायची कशाला?"

आईनं पदर तोंडाला लावला. मला धरणी दुभंगावी असं झालं. तुम्ही मात्र जराही गडबडला नाहीत. म्हणालात, "तुम्ही बाजारात मेंढी घेताना काय बघता?"

"दात बघतो. तोंड उघडून."

"मग तिथंच कापून खाता का?"

तात्या हसले. आमच्या तात्यांना असं मोकळं हसताना मी फार कमी वेळा पाहिलं होतं. ते म्हणाले, "न्हाय, ते खरं. पारख येगळी, खाणं येगळं." मग बराच वेळ ऊसपाण्याच्या गोष्टी झाल्या. उठताना त्यांनी एकच अट घातली. "रोज सांजच्या आत घरी, न्हायतर तुमच्या घरी. दुसरीकडं कुठं न्हाय." तुम्ही म्हणालात, "माझ्या घरी राहील." आणि मी तुमच्या बारामतीच्या घरात मागच्या खोलीत राहायला आले. माझं पुढचं सगळं आयुष्य त्या दुपारी घोंगड्यावर ठरलं, बाई. तुम्ही त्या उन्हात आला नसता तर मी आज कुठल्या तरी स्वयंपाकघरात पीठच हुंगत बसले असते. त्यात वाईट काही नाही, पण ते मी निवडलेलं नसतं.

पहिले सहा महिने तुम्ही मला बाटल्या धुणं, साखर मोजणं, आंबटपणा काढणं एवढंच दिलंत. मग एके दिवशी सकाळी दोघींच्या पुढ्यात एकेक ग्लास ठेवलात. परदेशातनं मालकांनी आणलेली एक व्हिओनिये होती ती. हीच जात ते आपल्या माळावर लावणार होते. तुमचा नियम मला तेव्हा कळला. आधी बघायचं, मग हुंगायचं, मग चाखून थुंकायचं, आणि दुसऱ्यानं काही बोलायच्या आत आपलं लिहायचं. मी आदल्या दिवशी तुमच्या कपाटातलं पुस्तक वाचून ठेवलं होतं. झरझर लिहिलं, जर्दाळू, पीच, मधुमालती. मोठ्या ऐटीत कागद पुढं केला. तुम्ही वाचलात आणि विचारलंत, "पीच खाल्लंयस कधी?"

"नाही."

"जर्दाळू?"

"नाही."

तुम्ही कागद मधोमध फाडलात. आवाज चढला नाही, पण तसा आवाज मी तुमचा पुन्हा कधी ऐकला नाही. "ही जीभ कुणाची आहे? माझी नाही, पुस्तकाची नाही, तुझी आहे ना? मग तिला जे आलं नाही ते तिच्या नावावर खपवायचं नाही. दहा जण वाहवा करत असले तरी नाही. उद्या याच कागदावरून लोक शंभर लिटरचं काय करायचं ते ठरवतील." मी बाहेर जाऊन पाण्याच्या टाकीमागं रडले. मग परत आले, नवा कागद घेतला, आणि डोळे मिटून ग्लास नाकाशी धरला. मी लिहिलं, सोनचाफा. नरसिंहपूरला संगमाच्या वाळूतल्या वाडीवर आईनं फोडलेलं खरबूज, बियांजवळचा भाग. आणि उन्हात तापलेल्या कडब्याचा थोडा वास. तुम्ही तो कागद बराच वेळ हातात धरला आणि फाईलला लावलात.

त्याच आठवड्यात तुम्ही पुण्याला गेला होतात आणि येताना कागदी पिशवीतनं सुके जर्दाळू आणलेत. आदल्या दिवशी पाण्यात घातलेत आणि सकाळी स्वयंपाकघरात पाटावर बसवून स्टीलच्या वाटीत माझ्यापुढं ठेवलेत. मी अजून ती सकाळ बघते आहे. खिडकीतनं ओट्यावर ऊन आलंय, स्टोव्हवर चहाचं आधण, तुम्ही पाठमोऱ्या उभ्या. मी एक फोड तोंडात घालते. गोड, आंबूस, आणि आत बदामासारखं काहीतरी. "आता लिहायला हरकत नाही," तुम्ही पाठमोऱ्याच म्हणता, "पण भिजवलेला जर्दाळू असं लिही. ताजा वेगळा असतो, तो मीही खाल्लेला नाही." मला आजवर कुणी कुणी काय काय दिलंय, पण त्या वाटीइतकं मोलाचं काही मिळालेलं नाही. रागावलेल्या माणसानं त्याच आठवड्यात आपल्यासाठी पुण्याहून पिशवी आणावी, हे मला तोवर माहीत नव्हतं.

व्हिओनियेची रोपं माळाला लागली. नाव काही कुणाच्या जिभेवर बसेना. बागेतल्या बाया आणि टाक्या धुणारे मामा तिला "वहिनी" म्हणायला लागले. वहिनीचा तुकडा, वहिनीला पाणी, वहिनीची छाटणी. मालक आधी चिडायचे, मग तेही म्हणायला लागले. वहिनी नाजूक निघाली. घड लहान, मणी लहान, फळ धरायला उशीर, आणि पिकायला लागली की चार दिवसांत आमच्या उन्हानं साखर भरून वाहायची.

तिचं पहिलं नीट पीक यायच्या आधीच्या पावसाळ्यात तुम्ही लूनावरून पडलात. पाटसकडच्या वळणावर, खडीवर चाक घसरून. डोक्याला मागून मार लागला, पंधरा दिवस घरी पडून होतात, मग टाके निघाले आणि तुम्ही कामावर आलात. पहिल्यासारख्याच. फक्त एक बदल झाला होता. आपण चव बघायला बसलो की पूर्वी दोघींचे कागद समोरासमोर ठेवायचो. आता तुम्ही म्हणायला लागलात, "तू वाच आधी." मी वाचायची, तुम्ही मान हलवायच्या आणि तुमचा कागद घडी घालून ठेवायच्या. मला वाटलं, माझ्यावर भरवसा बसला. मी फुलून जायची.

मार्चमध्ये वहिनीची तोडणी झाली. उशीरच झाला होता. मालकांना साखर अजून वर जायला हवी होती. रस टाकीत आंबायला लागला आणि चौथ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये शिरले तर कुजक्या अंड्याचा असा भपकारा की मी दारातच नाक दाबलं. यीस्टला खायला कमी पडलं की टाकी अशी नासायला लागते, वेळेत हवा दिली तर सावरते. तुम्ही शिडीवर चढून टाकीच्या तोंडावर वाकला होतात. मामा खाली उभे, नाकाला पंचा. तुम्ही वळलात, प्रसन्न चेहऱ्यानं म्हणालात, "छान चाललंय," आणि उतरून प्रयोगशाळेत गेलात.

मामांनी माझ्याकडं बघितलं. "बाईंस्नी सर्दी झालीया का?"

मी म्हटलं, "व्हय. फार."

तेवढ्या एका क्षणात मला पडण्यानंतरचे सगळे महिने उलगडले. तू वाच आधी. घडी घातलेले कागद. ते कागद मी त्या दुपारी, तुम्ही जेवायला गेला असताना, ड्रॉवरमधनं काढून बघितले. कोरे होते, बाई. वर तारीख, टाकीचा नंबर, आणि खाली काहीही नाही. तुम्हाला वास येत नव्हता, पण तुम्ही खोटंही लिहिलं नव्हतं. मी ड्रॉवर लावला, मामांना सांगून त्या टाकीतला रस दुसऱ्या टाकीत वरून ओतवला, हवा दिली, आणि रजिस्टरला लिहिलं, बाईंच्या सूचनेवरून. दुसऱ्या दिवशी वास गेला. त्यानंतर जून उलटून जाईपर्यंत मी तुम्हाला कळू न देता तुमचं नाक झाले. तुम्ही बोलला नाहीत, मी बोलले नाही. एका घरात राहात होतो, एका ओट्यावर पोळ्या करत होतो. एकदा तुमचं दूध उतू जाऊन करपलं आणि तुम्ही शेजारी उभ्या राहून पेपर वाचत होतात. मी स्टोव्ह बंद केला आणि म्हटलं, "माझंच लक्ष नव्हतं."

जुलैमध्ये मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलचे दोघे जण आले. मालकांनी टेबलावर पांढरी चादर घातली होती, पाव, पाणी, थुंकायला भांडी. वहिनीची वाईन फ्रिजमध्ये बर्फासारखी गार करून ठेवलेली. त्यांना ती आवडली तर सगळी त्यांच्याकडं जाणार होती आणि बाटल्या त्याच आठवड्यात भरायच्या होत्या. पाहुण्यांनी हुंगलं, चाखलं, आणि त्यातले मोठे म्हणाले, "वा! हिंदुस्थानात असं काही होत असेल असं वाटलं नव्हतं." मालकांचा चेहरा खुलला. ते तुमच्याकडं वळले. "बाई, तुमचं मत सांगा."

तुम्ही म्हणालात, "आधी ती सांगेल."

मी तोवर ग्लास दोन्ही हातांत धरून ठेवला होता, गारवा उतरावा म्हणून. गार वाईनमध्ये दोष झाकले जातात हे तुमचंच शिकवणं. मी कागद वाचला. "वास सुरेख आहे. सोनचाफा, पिकलेलं खरबूज, भिजवलेला जर्दाळू. पण नाकाला जे मिळतं ते तोंडाला मिळत नाही. तोंडात जड आहे आणि आंबटपणा कमी, म्हणून सपक लागते. थुंकल्यावर घशाला चटका राहतो, अल्कोहोल जास्त झालंय. अगदी शेवटी साल चावल्यासारखी कडू. आत्ता गार आहे म्हणून कळत नाही. आणि हा वासही दिवाळीपर्यंत टिकणार नाही असं मला वाटतं. द्राक्ष दोन आठवडे आधी तोडायला हवं होतं."

मालक म्हणाले, "बाई, ही काय बोलतीय? काल कॉलेजातनं आलेली पोर. तुमी चाखून सांगा की."

तुम्ही तुमचा घडी घातलेला कागद उलगडलात आणि टेबलावर सपाट ठेवलात. कोरा. "साहेब, मला वास येत नाही. मागच्या पावसाळ्यात पडले तेव्हापासून. या वर्षभरात प्रयोगशाळेतनं वासाबद्दल जे जे गेलंय ते सगळं हिचं आहे. मी तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं, सांगितलं नाही, ही माझी चूक. पण ती जे म्हणते ते खरं माना. ही पोर न आलेला वास सांगत नाही."

पाहुण्यांपैकी धाकटे होते त्यांनी ग्लास मुठीत धरला. पाच मिनिटांनी घोट घेतला, थुंकला, आणि मोठ्यांकडं बघून मान हलवली. त्यांनी वाईन घेतली नाही. पुढच्या वर्षी पुन्हा दाखवा म्हणाले आणि गाडीत बसले. मालक पायऱ्यांवर उभे राहून गाडीमागची धूळ बघत होते. आपण दोघी खिडकीत होतो. तुम्ही विचारलंत, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"मार्चपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलत नव्हता म्हणून."

तुम्ही चष्मा काढून पदरानं पुसलात. "भीती वाटली गं. पाय मोडला तर माणसाला रजा मिळते. नाक गेलं तर घरी पाठवतात." आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतःच राजीनामा दिलात. मालकांनी नको म्हटलं, मनापासून म्हटलं, पण तुम्ही ऐकलं नाहीत.

नंतरच्या काळात एक कडू विचार मला बरेच दिवस छळत होता, तोही सांगून टाकते. मला वाटायचं, तुम्ही मला घडवलंत की वापरलंत? आपलं लिहायचं, आधी वाचायचं, हे सगळं तुमच्या गरजेपोटी तर नव्हतं? मग कधीतरी भांडी घासताना माझ्या ध्यानात आलं की फाडलेला कागद आणि जर्दाळूची वाटी पडण्याच्या कितीतरी आधीची. तुम्ही मला शिकवलंत तेव्हा तुमचं नाक शाबूत होतं, आणि ते गेलं तेव्हा तुम्ही तुमच्याच शिकवणीच्या आधारानं उभ्या राहिलात. माझ्या आधारानं. हे समजलं तेव्हा माझे हात साबणाच्या पाण्यात तसेच राहिले. आपण कुणाच्या उपयोगी पडलो याचा इतका आनंद मला त्याआधी झाला नव्हता, आणि तुमच्यावरचा राग धरायला काही उरलंच नाही.

मालक माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत. वहिनीची ती पहिली वाईन दुसऱ्या एका आंबटसर वाईनमध्ये मिसळून संपवली. आणि मग फेब्रुवारीत एका सकाळी ते प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभे राहिले. आत न येता विचारलं, "वहिनी कधी तोडायची?" मी म्हटलं, "परवा. उजाडायच्या आत सुरू करू, ऊन चढायच्या आत संपवू." तोडणीला माणसं कमी पडली म्हणून मी निरवांगीला निरोप धाडला, तर तात्या स्वतः दहा-बारा बाया घेऊन ट्रॅक्टरमधनं आले. त्यांनी एक मणी तोंडात टाकला, सावकाश चावला, बी हातावर थुंकून उजेडात धरली. "बी तपकिरी झालीया. कुरकुरीत हाय. गोडी अजून चढंल, पर आंबट ऱ्हायलंय ते जाईल. आत्ताच तोडा." मी जे तीन दिवस आकडे मांडून ठरवलं होतं ते त्यांनी एका मण्यात सांगितलं. तुम्ही त्या सकाळी तिथं असायला हव्या होतात.

त्या वाईनची पहिली बाटली मी घरी तुमच्यासाठी घेऊन आले, गणपतीच्या दिवसांत. राजीनाम्यानंतर सुरू झालेलं तुमचं छातीचं दुखणं तोवर बळावलं होतं. तुमच्या देखभालीला आलेल्या धाकट्या बहिणीनं स्वयंपाकघरातच खाट घातली होती, उजेड चांगला म्हणून. डॉक्टर नको म्हणाले असते, म्हणून त्यांना विचारलंच नाही. तुम्ही उशीला टेकून बसलात, ग्लास खिडकीकडं धरून रंग बघितलात, घोट घेतलात आणि बराच वेळ तोंडात ठेवलात. या वेळी थुंकला नाहीत. "आंबटपणा राहिलाय," तुम्ही म्हणालात. "हलकी झाली. शेवटही कडू नाही. जिभेला कळतं तेवढं मला अजून कळतं." मग डोळे मिटून म्हणालात, "आता तू सांग. या ग्लासात काय येतंय?" मी माझा ग्लास नाकाशी नेला आणि सांगत गेले. मोसंबीची साल, आंब्याचा मोहर, मागं अगदी थोडा जर्दाळू. तुम्ही ऐकत होतात. तुमच्या चेहऱ्यावर जे होतं ते पाहून तुमची बहीण चहा ठेवायचं विसरली. अकरा दिवसांनी तुम्ही गेलात.

त्यानंतर मी किती ग्लास हुंगले असतील त्याला गणती नाही, आणि एकाही कागदावर मला न आलेलं काही लिहिलेलं नाही. ते तुमचं देणं आहे आणि मी ते सांभाळलंय. त्या दिवशी खाटेपाशी तुम्हाला जे सांगितलं तेही अगदी हवेतलं नव्हतं. आदल्या आठवड्यात टाकीपाशी मला ते वास खरंच आले होते, वहीत लिहिलेले होते. इतकी वर्षं मी मनाला हेच समजावत आले. पण तुम्ही त्या ग्लासाबद्दल विचारलं होतं. मला आदल्या दिवसापासून सर्दी झाली होती, बाई. नाक बंद होतं. त्या ग्लासातलं मला काहीच आलं नव्हतं.